कोपऱ्यातलं लाल बटण

जुनं किट हातात आलं की मी आधी त्याचा वास घेते. लोक हसतात. हसोत बापडे. ज्या किटचा सेल आतल्या आत फुटलाय त्याला एक खारट वास येतो. तो आला की वीज जोडायची नाही, आधी उघडून बघायचं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही.

किट म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. शाळेच्या पाटीएवढा एक हिरवा बोर्ड आणि त्यावर मांडलेला अख्खा संगणक. पडदा नाही, खोका नाही, काही लपवालपवी नाही. वर लाल उजेडाचे सहा आकडे. त्यातले चार मेमरीतल्या जागेचा पत्ता सांगतात, उरलेले दोन त्या जागेत काय ठेवलंय ते. खाली कॅल्क्युलेटरला असतात तशी बटणं, मधे काळे आयसी. ऐंशी-नव्वदच्या काळात आमच्या आदिलाबादकडची पॉलिटेक्निकची पोरं यावरच मायक्रोप्रोसेसर शिकली. मीही शिकले, आणि पुढे नोकरीत असली मोडकी किटं जिवंत करत बसले.

ओळखायची म्हणाल तर खुणा पुष्कळ. बोर्डावरचं नाव घासून गेलं असलं तरी आयसीच्या पाठीवर बारीक आकडे असतात, त्यात साल आणि आठवडा सापडतो. एका आयसीला काचेची खिडकी असते. तिच्यावर कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर कुणाचं तरी अक्षर. बटणांवरची अक्षरं कोरलेली आहेत की नुसती चिकटवलेली, तेही बघावं. मग चालू करावं, कारण प्रत्येक बनवणाऱ्याचा नमस्कार वेगळा. कुठलं किट नाव लिहून दाखवतं, कुठलं नुसती एक आडवी रेघ ओढून गप्प बसतं. मला गप्प बसणारी आवडतात.

सगळ्यात शेवटी मी मेमरी उघडते, आणि इथं मात्र जरा अंगावर येतं. नव्या माणसाला वाटतं, वीज गेली की मेमरी कोरी. ती कोरी कधीच नसते. चालू करताच तिच्यात काहीबाही आकडे उभे असतात आणि एकाच आयसीत दर वेळी बहुतेक तेच आकडे. ज्या किटांना छोटा सेल लावलेला असतो त्यांची तर आणखीच तऱ्हा. शेवटच्या माणसानं जे लिहून ठेवलं ते वीज गेली तरी आत तसंच बसून राहतं. तो माणूस पास होऊन कुठं नोकरीला लागलेला असतो, कधी तर जगातच नसतो. कुलूपबंद घरात शिरावं आणि चूल अजून कोमट लागावी, तसं मला दर वेळी होतं.

मेमरीत डोकावायची ही सवय मला माझ्या थोरल्या भावानं लावली. आम्ही त्याला दादा म्हणायचो.

आमचं गाव जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला. कापूस आणि ज्वारी. दादा जिल्ह्याच्या गावी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. तिथल्या लॅबमधलं एक किट बटणं बिघडली म्हणून बाद झालं, ते त्याच्या सरांनी त्याला देऊन टाकलं. त्यानं ते दुरुस्त केलं. मूळची पेटी हरवली होती, म्हणून निर्मल गावच्या एका दोस्तानं तिथल्या खेळण्यांच्या हलक्या पांढऱ्या लाकडाची नवी पेटी करवून दिली. झाकणावर हिरवा पोपट रंगवलेला. शनिवारी दादा बसमधून उतरायचा तो ती पेटी मांडीवरच्या लेकरागत छातीशी धरून. गावातल्या बायांना वाटे, पोरगा हार्मोनियम शिकून राहिला.

ओसरीवर बसून तो आकडे सांगायचा आणि मी दाबायची. मी तेव्हा दहावीत, जैनथच्या तेलगू शाळेत. आम्ही घड्याळाचा प्रोग्रॅम टाकला होता. सहा आकड्यांवर तास, मिनिटं, सेकंद धावायचे, पण सेकंद जरा लांब पडायचा. सेकंद मोजणाऱ्या मधल्या जागी दादा येऊन अडायचा, आकडा बदलून बघायचा, पुन्हा चालवायचा. तू माझ्याहून भराभर दाबतेस, तूही तिथंच ये शिकायला, असं तो मला म्हणायचा. सगळ्यांदेखत म्हणायचा. बाबा ऐकून न ऐकल्यासारखे करत.

मायला त्या यंत्रातलं एकच कळायचं. किटच्या कोपऱ्यात एक लाल बटण होतं, बाकी सगळी पांढरी. ते रिसेटचं. ते दाबलं की जे चाललंय ते थांबतं आणि पुन्हा आडवी रेघ येते. दादा आत जेवायला बसला आणि बाहेर घड्याळ चालूच राहिलं, की तो आतूनच सांगायचा, माय, कोपऱ्यातलं लाल दाब. माय पिठाच्या हातानं दाबायची. यंत्र तिचं ऐकतं याची तिला मोठी गंमत वाटे.

त्या उन्हाळ्यात दादाला कावीळ झाली. आधी साधी वाटली. गावात काविळीचं औषध देणारा होता, मग आदिलाबादचा दवाखाना. पण तो परत आला नाही. मला त्याबद्दल जास्त लिहायचं नाही.

दहाव्याला पुरुष नदीवर गेले. आम्ही बाया घरी. ऊन उतरायला लागलं तरी कुणी परतेना, तेव्हाच माय काय ते समजली. कावळा शिवत नव्हता. पिंड मांडला होता, कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते आणि एकही खाली येईना. अशा वेळी गेलेल्याच्या मनात काही राहून गेलं म्हणतात. घरच्यांनी एकेक शब्द द्यायचा असतो, अमुक करू, तमुक करू. नेमकी गोष्ट बोलली गेली की कावळा येतो. बाबांनी आणि मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावांनी, सुचेल ते सगळं कबूल केलं. कावळे बसूनच राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि सगळे आंघोळी करून घरी आले.

मायनं विचारलं, काय काय बोलले ते सांगा. बाबांनी सांगितलं. ती ऐकत गेली आणि शेवटी इतकंच म्हणाली, "जे त्याच्या मनात व्हतं ते तुमी बोललेच नाई."

दहावीचा निकाल लागला. मी चांगल्या मार्कांनी पास झाले आणि घरी बसले. एक लेकरू शहरात पाठवून बघितलं, आता दुसरं नाही, असा बाबांचा हिशोब. त्यांना दोष कोणत्या तोंडानं देऊ? ते रात्री अंगणात नुसते बसून असायचे. मोठेबाबांनी नदीपलीकडचं एक स्थळ आणलं होतं. माणसं चांगली, शेती काळी. दसरा झाला की बघायला येणार असं ठरलं. मला विचारायचा प्रश्न नव्हता. माय काही बोलत नव्हती, आणि तिच्या त्या न बोलण्याचा मला राग यायचा.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यार नुसतं पुजून भागत नाही. खंडेनवमीला ते धुऊन, पुसून, हळदीकुंकू लावून भिंतीशी मांडायचं आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मुहूर्त म्हणून ते थोडं तरी चालवायचं. वखर दोन पावलं ओढायचा, विळ्यानं चार काड्या कापायच्या, दुकानदारानं तागडीत काहीतरी तोलायचं. नाही चालवलं तर ते वर्षभर रुसतं.

त्या वर्षी घरात सण नव्हता. तोरण नाही, पुरण नाही. पण हत्यारांना सुतक नसतं, असं माय म्हणाली आणि तिनं सगळी मांडली. वखराची लोखंडी पास, विळे, कुऱ्हाड, आणि त्या रांगेत दादाचं किट. ते त्याचं हत्यार होतं. तिनं वाटीत कुंकू पाण्यात कालवलं आणि बोटानं एकेका पांढऱ्या बटणावर टिळा लावला. अक्षता टाकल्या, फूल ठेवलं. लाल बटण तेवढं सोडलं, कारण ते आधीच लाल होतं. कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. कुंकू लावलं नसतं तर वाटलं असतं.

दसऱ्याचा दिवस कोंदट होता. परतीचा पाऊस चार दिवस रेंगाळला होता, फुटलेली बोंडं झाडावरच भिजत होती आणि भिंतींना ओल चढली होती. दुपार कलली तेव्हा बाबा आणि मोठेबाबा ओसरीवर पाहुण्यांच्या येण्याचं बोलत बसले होते. मायनं मला हाक मारली आणि किटचा मुहूर्त करायला सांगितलं. घरात ते चालवता येणारी मीच उरले होते.

मी वायर जोडली. आडवी रेघ आली. घड्याळाचा प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तो पत्ता मी दाबला आणि पहिला आकडा दिसला. सेलनं सगळं जपून ठेवलं होतं. मला एकदम भरून आलं. मुहूर्ताला इतकं पुरे, म्हणून मी हात काढून मांडीवर ठेवले.

पत्ता पुढे सरकला.

मी बघत राहिले. पुढच्या जागेचा आकडा दिसत होता, म्हणजे कुणीतरी 'पुढे'चं बटण दाबलं होतं. माझे हात मांडीवरच होते. थोडा वेळ काही नाही. मग लागोपाठ दोनदा सरकला, पुन्हा थांबला. मग एकदा. दादा प्रोग्रॅम तपासायचा तो अगदी असाच, सोप्या जागी भरभर आणि शंका आली की थांबून. घड्याळाचा सेकंद जिथं लांब पडायचा त्या जागेवर ते आलं आणि तिथं बराच वेळ थबकलं. माझ्या मानेवरचा घाम गार झाला.

"दादाचं वाचून राह्यलं," मी म्हणाले. म्हणायचं नव्हतं, तोंडून गेलं.

मोठेबाबा उठून जवळ आले आणि उभे राहिले. बाबा म्हणाले, वायर काढा. पण स्वतः कुणीच काढेना, बाबाही नाही. आकडे आपले चाललेच होते, एक पाऊल, थांबणं, दोन पावलं. आभाळ भरल्यानं ओसरीत अंधारलं होतं आणि आकड्यांचा लाल उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पडला होता. बाहेर ढोरं हंबरत नव्हती, कुणी रस्त्यानं जात नव्हतं. गाव सोनं लुटायला सीमेवर गेलं होतं.

माय किटच्या बाजूला येऊन बसली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि एक हात बोर्डाच्या कडेला टेकवला. मग ती पुरुषांकडे बघून म्हणाली, "कावळ्यानं तवा सांगतलं नाई. आता इचारा त्याले."

तिचा आवाज मी त्याआधी तसा कधी ऐकला नव्हता. बाबा खाली बसले, नदीवर बसले असतील तसेच. तुझ्या मायला अंतर देणार नाही, असा त्यांनी शब्द दिला. आकडा सरकला. मोठेबाबांनी बांधावर तुझ्या नावानं लिंब लावू, त्याला ओटा बांधू असं सांगितलं. आकडा सरकला. दर साली तुझ्या तिथीला गावातल्या पोरांना जेवू घालू, बाबा म्हणाले, आणि आकडा दोनदा सरकला. मला वाटलं हे आता कधी थांबणारच नाही, मेमरी संपेल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. तशी ती होतेच.

मग माय बोलली. किटकडे न बघता त्या दोघांकडे बघत. "आता मी जे बोलीन ते तुमी दोघंई पाळाल काय, ते आदी सांगा."

दोघांनी माना हलवल्या. त्या घडीला ते कशालाही हो म्हणाले असते.

"तुया बहिणीले आमी पॉलिटेक्निकात घालू," ती आता दादाला म्हणाली. "तू शिकला तिथीच."

सहाही आकडे विझले. डावीकडे एक आडवी रेघ आली आणि ती हलली नाही. बाबा रडले, तोंडावर उपरणं घेऊन. मोठेबाबांनी दुसऱ्याच दिवशी नदीपलीकडे निरोप पाठवला की येऊ नका. शब्द दिला होता आणि तोही गेलेल्याला. असा शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही.

पुढच्या वर्षी मी पॉलिटेक्निकात गेले. आदिलाबादच्या बसमध्ये मी खिडकीशी बसायची आणि मला सारखं वाटायचं की बाजूची जागा भरलेली आहे. पहिलं वर्षभर मी लॅबमधल्या किटांना भ्यायची. पोरी हसायच्या, शॉक बसतो का म्हणायच्या. एखादं किट माझ्यासमोर आपोआप सरकेल म्हणून मी बोट बटणावरून काढतच नव्हते.

मायक्रोप्रोसेसर हा विषय दुसऱ्या वर्षाला आला तेव्हा भीती जाऊन चीड आली. हे असं होतं तरी कसं? दिवाळीच्या सुटीनंतर मी पोपटाची पेटी घरून उचलून आणली. पेटी उघडताच तो खारट वास आला. पहिल्यांदा तो मला तेव्हा कळला. सेल फुटला होता, आतलं सगळं गेलं होतं. दादाचं घड्याळही. तरी मी लॅबच्या टेबलावर एकेक बटण उचकटून काढलं.

प्रत्येक पांढऱ्या बटणाखाली कुंकू होतं. पातळ कालवलेलं, ओघळून आत शिरलेलं, वाळून पापुद्रा झालेलं. कुंकू म्हणजे चुन्यात रंगवलेली हळद. कोरडं असेल तर काही नाही, पण ओल धरलं की त्यातून बारीक वीज पाझरते. कोंदट हवेत ते पाझरणं कमीजास्त झालं आणि किटला वाटलं कुणी बटण दाबतंय. 'पुढे'च्या बटणाखाली तर लगदाच होता. इतकी साधी गोष्ट! मी एकटीच टेबलाशी हसत बसले. किती दिवसांचं ओझं उतरलं म्हणून सांगू.

मग मी लाल बटण काढलं. त्याच्याखाली काहीच नव्हतं. लखलखीत, कोरडं. मायनं त्याला टिळा लावलाच नव्हता. म्हणजे ते ओलीनं दाबलं जाणं शक्य नव्हतं. ते कुणीतरी दाबलं होतं, आणि बोर्डाच्या त्या कोपऱ्याशी हात होता एकट्या मायचा.

मला मायचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. महिनोन्महिने गप्प बसलेली ती बाई. तिनं घाबरलेल्या दोन पुरुषांना हवं ते सगळं बोलू दिलं, त्यांच्याकडून आधी कबुली घेतली आणि माझ्या शिक्षणाचा शब्द उच्चारताच बोट टेकवलं. याला म्हणतात डोकं. मी पुढच्याच शनिवारी घरी गेले, तिच्यासमोर हा उलगडा मांडायला.

ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी कुंकवाचं सांगितलं, ओलीचं सांगितलं. ती मान हलवत सोलत राहिली. मग मी म्हणाले, लाल बटण तू दाबलंस, मला कळलंय.

ती गालात हसली. "मंग? तुले काय वाटलं, मी भोळी हाओ?"

आणि तिनं सगळं सांगितलं. यंत्र का चालतंय ते तिला ठाऊक नव्हतं, तीही भ्यालेली होती. पण लाल बटणानं ते थांबतं हे ठाऊक होतं. बसतानाच तिनं ठरवलं होतं. दादा जे सगळ्यांदेखत म्हणायचा ते नदीवर कुणी बोललं नाही, आता ती बोलणार आणि दाबणार. मी हसत होते. तिचे हात मात्र थांबले. अर्धी सोललेली शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली.

"पन दाबलं नाई," ती म्हणाली.

मी विचारलं, काऊन?

"बोट उचललं व्हतं. बटनापावेतो पोचलंच नाई. त्याच्या आदीच थांबलं ते."

कुणाला सांगितलं नाही, तू भेशील म्हणून, असंही ती म्हणाली आणि उरलेली शेंग सोलून दाणे सुपात टाकले.

आमच्या गावची वीज कशी होती ते मला माहीत आहे. व्होल्टेज एका झटक्यात पडतं आणि किट स्वतःच रिसेट होतं, मग नवा पत्ता दिल्याशिवाय 'पुढे'चं बटणही चालत नाही, नोकरीत मी हे शेकडो वेळा बघितलं. त्या दुपारीही तसंच झालं असेल. दिवा लागलेला असता तर मिणमिणताना दिसला असता, पण दिवा लावायची वेळ झाली नव्हती. त्यामुळे साक्षीदार कुणी नाही.

हे सगळं मी मायला सांगू शकत होते. सांगितलं नाही. दहाव्याला मी रडले होते ते भिऊन. दादासाठी, नुसतं त्याच्यासाठी, मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पोटभर रडले. मायनं सूप बाजूला सारलं आणि मला जवळ घेतलं. माझ्या गालावरून फिरणाऱ्या तिच्या बोटांना ओल्या तुरीचा वास येत होता.